सायन्नांचा पालथा कागद

बाभळबनात पक्षी बघायला येणारी माणसं मी रोज बघतो. कुणाच्या गळ्यात दुर्बीण असते, कुणाच्या खांद्यावर तान्ह्या मुलाएवढा कॅमेरा असतो. सायन्ना मात्र सुताचा रिकामा कोन घेऊन यायचे. यंत्रमागाच्या कारखान्यात पुठ्ठ्याच्या ज्या शंकूवर सूत गुंडाळून येतं, तो कोन. सूत संपलं की तो कचऱ्यात जातो. सायन्ना त्याचं निमुळतं तोंड उजव्या डोळ्याला लावायचे, डावा डोळा घट्ट मिटायचे आणि वाळूत पालथे पडून त्या पोकळ पुठ्ठ्यातून तासन्‌तास नदीकडे बघत राहायचे. त्यात ना काच, ना भिंग. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सायन्ना, याच्यातून काही मोठं दिसत नाही हो." तर म्हणाले, "मोटं कशाला पायजे? पाखरू हाय तेवडंच बरं हाय की. ह्यो बाकीचं झाकतो, तेवडंच ह्याचं काम."

मी पाणीखात्यात आहे. सोलापूरला प्यायला भीमेचं पाणी जिथून उचलतात, तिथल्या जॅकवेलवर पंप चालवतो. मूळचा माढ्याकडचा, घरी ऊस आहे, तो भाऊ बघतो आणि मी पाणी बघतो. जॅकवेलच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याला टेकून, चालत दहा मिनिटांत संपेल एवढं एक राखीव रान आहे. पाटीवर त्याचं लांबलचक सरकारी नाव आहे, पण गावचे लोक त्याला बाभळबनच म्हणतात. काठाला बाभळी, समोर पात्रात वाळूचं एक लांबट बेट, आणि बेटाच्या बरोबर मधोमध पुरानं आणून टाकलेलं एक वाळकं खोड. हिवाळ्यात इथं चित्रबलाक येतात, चक्रवाकाच्या जोड्या उतरतात. पण सायन्नांचा जीव होता तो उन्हाळ्यातल्या नदी सुरयांवर. करडं अंग, पिवळीधमक चोच आणि डोक्यावर काळी टोपी. सायन्ना त्यांना 'टोपीवाले' म्हणायचे. हे टोपीवाले ऐन एप्रिलच्या तडाख्यात त्या बेटावरच्या उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. ना काडी, ना गवत.

सायन्नांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली. मी नवीन होतो. सकाळी पाण्याच्या पातळीची नोंद घ्यायला घाटावर उतरलो तर बाभळीखालून कुणीतरी ओरडलं, "ए तम्मी! बस की खाली! टोपीवाला घाबरायलाय!" मला वाटलं, नदीपलीकडे आवाज पोचवायचा आहे. वळून बघितलं तर पाच पावलांवर साठीचा एक सडपातळ माणूस वाळूत पडलेला. मी चिडून म्हणालो, "पक्षी घाबरायलाय तर तुम्ही कशाला ओरडताय?" त्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "मी तर हळूच बोलायलोय की!"

तेव्हा कळलं की त्यांना ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर कान कामातून गेले होते. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं तर पटत नव्हतं. जिथं वनखात्यानं 'शांतता पाळा'ची पाटी लावली आहे, तिथं सगळ्यात जुना आणि सगळ्यात जाणता पक्षीवाला हा असा गाव गोळा करणारा! रविवारी शहरातून आलेली मंडळी त्यांच्याकडे बघून दात-ओठ खायची.

एकदा एका साहेबांनी तर त्यांना हात जोडून गप्प बसायला सांगितलं. सायन्ना गप्प बसले. मग ते साहेब लालभडक शर्टात, कॅमेरा सरसावून, तरातरा पाण्याकडे निघाले आणि बेटावरचे शेकाट्या, टिटव्या, टोपीवाले सगळे एकदम उठले. आकाशात नुसता कल्लोळ. सायन्नांनी कोन डोळ्याचा काढला आणि मला म्हणाले (म्हणजे सगळ्या नदीला म्हणाले), "पाखराला आवाजाचं भ्या न्हाई, तम्मी. घाईचं भ्या हाय." ते साहेब पुढं बराच वेळ झाडाखाली बसून होते.

तेलुगूत धाकट्या भावाला तम्मी म्हणतात. सायन्ना सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घराण्यातले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि पक्ष्यांशी दोन्ही. सुरुवातीला माग चालवला, मग हात चांगला म्हणून मालकानं त्यांना नक्षीच्या कामावर घेतलं. चादरीवरचा मोर किंवा टॉवेलवरचं फूल आधी बारीक चौकटींच्या कागदावर रंगवायचं, मग एकेक चौकट बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्या पट्ट्या मागावर चढवल्या की तो मोर कापडात उतरतो. हे सगळं त्यांनी मला जॅकवेलच्या खोलीत बसून, चहाच्या कपाच्या तळाशी कागद दाबून धरत समजावलं होतं. माझ्या मुलीचं नाव विचारलं. मी म्हणालो, "आर्या." त्यांनी चौकटीच्या कागदावर सरसर ठिपके भरले. मला काही वाचता येईना. "उलटं हाय," ते म्हणाले. "आमच्यात कापड पालथं विणतेत. नक्षी खालच्या अंगाला. म्हणून कागदावर उलटं काढायचं, तवा सुलट्या बाजूला सरळ येतंय." आणि जरा थांबून, हसून म्हणाले, "इणणाऱ्याला सरळ बाजू दिसतच न्हाई बग. ती गिऱ्हाइकाची."

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच चौकटीच्या कागदांवर बाभळबन मांडायला घेतलं. रोज पहाटे जुनी मोपेड फटफटवत यायचे, बाभळीखाली पडायचे आणि कोनातून बघत बघत कागदावर ठिपके द्यायचे. एक चौकट म्हणजे बेटावरचं एक पाऊल. लाल ठिपका म्हणजे टोपीवाल्याचं घरटं, त्याच्या शेजारी बारीक रेघा म्हणजे अंडी घातल्यापासूनचे दिवस. "एकवीस रेगा झाल्या की पिल्लू," ते सांगायचे. वनखात्याची माणसं दुर्बिणीतून जी घरटी शोधत बसायची ती यांच्या कागदावर आधीच असायची. कागद मात्र कायम त्यांच्याच हातात. बेटावर जायचं तर ते पुढं चालायचे आणि आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचो. त्यामुळे तो वाचायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

आता खरी अडचण सांगतो. उन्हाळ्यात सोलापूरचं पाणी संपत आलं की वर उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते आठ-नऊ दिवस वाट काढत काढत आमच्या बंधाऱ्याला येऊन पोचतं. तोवर शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बायका पिंपं घेऊन बसलेल्या, आणि पाहुण्यारावळ्यांपासून न्हाव्यापर्यंत जो तो मला एकच विचारणार, "पाणी कवा येणार?" सगळं शहर देव पाण्यात घालून बसलेलं असतं, म्हणजे घालण्यापुरतं पाणी असेल तर. आणि इकडे बेटावर टोपीवाल्यांची अंडी उघड्या वाळूत. पाणी आलं की बेट बुडतं. खोडाभोवतीचा उंचवटा तेवढा कोरडा राहतो. सगळ्या सोलापुरात पाणी उशिरा यावं म्हणून धडपडणारा एकच माणूस होता, आणि त्याची बायको राजव्वा घरी रिकाम्या पिंपांसमोर विड्या वळत पाण्याची वाट बघत असायची.

"वैनी काय म्हणत नाहीत?" मी विचारलं होतं.

"म्हणती की. माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणती. बरं हाय, मला ऐकू येत न्हाई."

त्या वर्षी बेटावर अकरा घरटी होती. एवढी मी कधी बघितली नव्हती. पाणी सुटल्याचा फोन मला आला आणि मी तो निरोप सायन्नांना कागदावर लिहून दाखवला, कारण बोलायचं धाडस होईना. त्यांनी बोटावर दिवस मोजले. पाणी नवव्या दिवशी येणार. घरट्यांशेजारच्या एकवीस रेघा पूर्ण व्हायला बारा दिवस. तीन दिवस कमी पडत होते. मी म्हणालो, "तीन दिवसांत असं काय बिघडतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "पिल्लू पोहतंय, तम्मी. जाऊन बसंल खोडापाशी. अंडं न्हाई पोहत."

इथली वनरक्षक तेव्हा कोमल मॅडम होती. वैरागची, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण गणवेश चढवला की आम्ही दोघंही तिला वचकून असायचो. अंड्यांना हात लावायचा म्हणजे वरच्या साहेबांची परवानगी लागते. ती तिनं दोन दिवस पाठपुरावा करून आणली. तीनच माणसं, सकाळी आठच्या आत, आणि वनरक्षक हजर पाहिजे. कारण आठनंतर ऊन असं तापतं की पक्षी उठलेला राहिला तर अंडं वाळूतच उकडतं. सायन्नांची युक्ती साधी होती. डब्याचा चपटा केलेला पत्रा खळग्याखालच्या वाळूत सरकवायचा, वाळूसकट घरटं अलगद उचलायचं, खाली वाळूनं निम्मी भरलेली दोन पोती रचायची आणि घरटं त्याच जागी, फक्त दोन वीत वर, परत ठेवायचं. पाणी बेटावर वीतभर चढणार होतं. म्हणजे घरटं वीतभर वर राहणार. "जागा बदलली तर आई येत न्हाई. उंची वाडली तर येती," ते म्हणाले.

तालीम आम्ही घाटावरच्या वाळूत केली, लिंबं ठेवून. तीन लिंबं एक घरटं. पहिल्यांदा माझी तिन्ही लिंबं घरंगळत नदीत गेली. सायन्ना ओरडले, "मेली तुजी पोरं!" कोमल मॅडम गणवेशात असूनही खळखळून हसली. चौथ्या-पाचव्या वेळी माझं लिंबू हललं नाही तेव्हा आम्हाला असा काही आनंद झाला की ती लिंबं पिळून आम्ही तिथंच सरबत करून प्यालो. आठव्या दिवशी पहाटे बेटावर जायचं ठरलं.

सहाव्या दिवशी सायन्ना आले ते धापा टाकत. मोपेडवरून उतरता उतरताच बसले. छाती लोहाराच्या भात्यासारखी खालीवर होत होती. मागावरच्या सुताची धूळ इतकी वर्षं आत जाऊन बसली होती, ती कधीतरी हिशोब मागणारच होती. मी पंप दुसऱ्याच्या हवाली केला आणि त्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. भरती करून घेतलं. नाकाला नळी लावली तरी त्यांनी शर्टाच्या खिशातून तो कागद काढून माझ्या हातात दाबला. प्रथमच त्यांचा आवाज आपल्यासारखा, म्हणजे बारीक येत होता. "परवा सकाळी. अकरा हाईत. अकराच्या अकरा."

त्याच रात्री वरच्या बंधाऱ्यावरून फोन आला की पाणी जोरात आहे, उद्या दुपारीच पोचेल. आमची परवा कुठल्या कुठं वाहून गेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहराचं येत होतं, माझं पळालं. कोमल मॅडमला फोन केला तर ती म्हणाली, "दादा, मग उद्या पहाटेच. दोघं तर दोघं."

उजाडता उजाडता आम्ही काठावर उभे होतो. रिकामी पोती खांद्यावर, पत्रा काखेत, कागद माझ्या हातात. कागदावर मधोमध खोड काढलेलं होतं आणि अकराही लाल ठिपके एकाच अर्ध्या भागात. त्याप्रमाणे सगळी घरटी जॅकवेलकडच्या अंगाला होती आणि बंधाऱ्याकडचा अर्धा भाग मोकळा. "मोकळ्या बाजूनं चढू," मी म्हणालो, "म्हणजे काही तुडवायला नको." गुडघाभर पाण्यातून आम्ही पलीकडे गेलो आणि बंधाऱ्याच्या बाजूनं बेटावर चढलो. टोपीवाले एकदम उठले. डोक्यावर नुसता चीत्कार, एकाची चोच तर माझ्या टोपीला घासून गेली. आम्ही झपाझप बेट पार करून जॅकवेलकडच्या अंगाला गेलो, कागदावर चौकटी मोजल्या, पावलं मोजली आणि खाली बघितलं. वाळू. पुढचा ठिपका मोजला. वाळू. तिसरा, चौथा. एकही अंडं नाही. तिकडं पूर्वेला तांबडं फुटून गेलं होतं.

"मॅडम, अंडी पाण्यानं नेली का कावळ्यांनी?" मी म्हणालो. आम्ही चुकलो असू असं वाटून मी खोडाच्या अलीकडे, आलो त्या वाटेनं परत निघालो. तोच कोमल मॅडमनं माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. "दादा, हलू नका. खाली बघा." माझ्या मघाशी येतानाच्या पावलाचा ठसा वाळूत उमटलेला होता. त्याच्यापासून चार बोटांवर एक खळगा, आणि खळग्यात वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी.

मोकळ्या म्हणून ज्या भागातून आम्ही तरातरा चालत आलो होतो, घरटी तिथंच होती. किती तुडवली असतील देव जाणे. पुढं पाय टाकायची सोय नाही आणि मागं घ्यायचीही नाही. तशीच एका पायावर भार देऊन कोमल मॅडम उभी राहिली आणि मी दवाखान्यात फोन लावला. सायन्नांशी फोनवर बोलून उपयोग नव्हता, त्यांचा फोन राजव्वावैनीच उचलायच्या.

"वैनी, सायन्नांना विचारा, कागद चुकलाय का? घरटी दुसऱ्याच अंगाला निघाली."

पलीकडे तेलुगूतून काहीतरी ओरडणं झालं. मग वैनी म्हणाल्या, "कागद बरोबर हाय म्हणायलेत. तुमचे डोळे चुकायलेत म्हणायलेत."

"अहो वैनी, पाय उचलायची भीती वाटतीय आम्हाला!"

वैनींनी लग्न झाल्यापासून त्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या, नवऱ्यानं काढलेले कागद आणि त्यावरून विणलेले टॉवेल आयुष्यभर शेजारी शेजारी बघितले होते. त्या एकदम म्हणाल्या, "कागद पालथा करा. पाटीमागून बगा, उनाकडं धरून. ह्यांचा हात उलटंच काडतोय, दुसरं येतंच न्हाई त्येला."

मी कागद पालथा करून समोर धरला. सूर्य नुकताच बाभळींच्या वर आला होता. कागदाच्या मागच्या अंगानं ते लाल ठिपके उजळून दिसले, सगळे बंधाऱ्याच्या बाजूला. पहिला ठिपका बरोबर त्या तीन अंड्यांवर होता. मी ओरडलोच. सायन्नांच्या तोडीस तोड ओरडलो. डोळे मिटूनही बेटावर बिनचूक चालणाऱ्या त्या माणसानं समोर उजवीकडे जे दिसेल ते कागदावर डावीकडे मांडलं होतं, वर्षानुवर्षं, आणि वाचणाराही तोच असल्यामुळे त्याला कधी अडलं नव्हतं.

मग आम्ही जे काम केलं तसं मी खात्यात कधी केलेलं नाही. कोमल मॅडम कागद उन्हाकडे धरून सांगायची, "दोन पावलं पुढं, एक डावीकडे, थांबा!" आणि तिथं अंडी असायची. दर वेळी असायची! पोती वाळूनं निम्मी भरायची, पत्रा सरकवायचा, श्वास रोखायचा, उचलायचं, पोती सारायची, ठेवायचं आणि मागं सरायचं. आम्ही पुढच्याकडे वळेपर्यंत पहिल्या घरट्यावर टोपीवाला उतरलेला. नवं सिंहासन मिळाल्यासारखा इकडेतिकडे बघायचा आणि बसायचा. प्रत्येक पक्षी बसला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खुळ्यासारखे हसायचो. आमच्या पावलांचे ठसे सगळीकडे होते, एका घरट्याच्या अगदी काठाला होता, पण फुटलेलं अंडं एकही नव्हतं. आठाला पाच मिनिटं कमी असताना अकरावं घरटं पोत्यांवर बसलं.

दुपारी पाणी आलं. आधी फेस येतो, मग काटक्या, पाचट, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि मागून पसरत पसरत येणारं गढूळ पाणी. गेली कित्येक वर्षं हे बघून मला आनंद होत आला आहे, कारण शहरात नळ सुरू होणार असतात. त्या दिवशी मी जॅकवेलचा जिना धरून पातळीच्या पट्टीकडे एका डोळ्यानं बघत होतो आणि बेटाकडे दुसऱ्यानं. बेटाच्या कडा गेल्या. खालचं पोतं गेलं. पाणी वरच्या पोत्याला लागलं आणि चढेना. संध्याकाळपर्यंत मी चार वेळा पट्टी वाचली. मध्ये नदी, आणि नदीत अकरा पोत्यांवर अकरा टोपीवाले, जणू कुणी पाण्यावर मांडून ठेवलेत. मी तसाच फोन वैनींना लावला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं नळ कवा येणार ते सांगा आदी." मग हळूच विचारलं, "राहिली का हो सगळी?"

पाचव्या दिवशी पिल्लं निघाली. सहाव्या दिवशी सायन्ना दवाखान्यातून सुटले ते घरी न जाता रिक्षानं सरळ इकडे आले, आणि सोबत वैनी. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच बाभळबनात येत होत्या. सायन्ना वाळूत पालथे पडले आणि त्यांनी कोन लावला. करड्या कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं खोडाकडे पोहत निघाली होती, आई वरून घिरट्या घालत होती. मी त्यांच्या समोर बसून ओठ हलवत कागदाची सगळी हकिगत सांगितली. आधी त्यांना पटेना. मग त्यांनी स्वतःच कागद उन्हाकडे धरला, मागून बघितला, परत पुढून बघितला, आणि असे काही हसले की खोकला येईपर्यंत थांबले नाहीत. "चाळीस वर्सं पालथंच इणलं की तम्मी! नदीबी पालथीच इणली!"

नंतर त्यांनी मला जवळ ओढलं. "पिल्लांचा आवाज येतोय का?"

"येतोय."

"कसा येतोय? करून दाखव की."

काठावर कॅमेरेवाली पाच-सहा माणसं होती, सगळी कुजबुजत होती. मी पाणीखात्याचा जबाबदार माणूस. पण मी सायन्नांच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि जमेल तसं, जमेल तेवढ्या मोठ्यानं, "चिर्र... चिर्र... किर्रक!" असं ओरडलो. सगळे वळून बघायला लागले. सायन्ना माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या माणसाची इतकी माया कधी वाटली नव्हती. वैनींनी तेवढ्यात त्यांच्या हातातून कोन काढून घेतला. "एवडुशी ती पाखरं! ह्यांच्यासाटी मी पाण्याला एकटी उभी राहायची व्हय?" असं म्हणत त्यांनी कोन डोळ्याला लावला. जायची वेळ झाली तरी त्यांनी तो सायन्नांना परत दिला नाही.

सायन्ना त्यानंतर दोनच उन्हाळे होते. छातीनंच गेले, थंडीच्या दिवसांत, चक्रवाक नदीवर असताना. वैनींनी कागदांचा गठ्ठा आणि कोन माझ्याकडे आणून दिला. घरटी मांडायचं काम आता मी करतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या शहाणपणानं कागद सरळ काढायला गेलो, पण ते काही डोक्यात बसेना. बेटावर उभं राहून कागद उन्हाकडे धरल्याशिवाय मला घरटं सापडतच नाही. म्हणून मी उलटाच काढतो.

कोमल मॅडमची बदली झाली. या एप्रिलला नवी वनरक्षक आली आहे, अक्कलकोटकडची. पाणी सुटल्याचा फोन आला तसं मी तिला सगळं सांगितलं आणि पहाटे दोघं बेटावर गेलो. तिनं कागद बघितला, बेट बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दादा, ह्ये उलटं काढलंय की."

"व्हय," मी म्हणालो. "मागून बघा. उन्हाकडं धरून."

तिनं धरला. क्षणभर बघितलं, आणि एकदम ओरडली, "अय्यो, दिसायलं की! तितं हाय बघा, तितं!" ओरडली आणि लगेच जीभ चावून तोंडावर हात ठेवला, पाटीची आठवण झाली असणार.

"बोला, बोला," मी म्हणालो. "पाखराला आवाजाचं भ्या नाही. घाई तेवढी करू नका."